एकोणिसाव्या धड्यातला डावा पाय

आमच्या कैरोच्या शुब्र्यात एखादी बाई म्हणाली की मला नाचता येत नाही, तर लोक तिला हाडांच्या डॉक्टरचा पत्ता देतील. नाच इथे कोणी कोणाला शिकवत नाही. पोरगी धरून उभी राहायला लागते, आजी टाळ्या वाजवते, पोरगी कंबर हलवते, झालं शिक्षण. परदेशी लोक त्याला बेली डान्स म्हणतात आणि तिकीट काढून बघतात. आम्ही त्याला नुसतं नाच म्हणतो आणि चहाला उकळी येईपर्यंत शेगडीपाशीसुद्धा नाचून घेतो. अशा या कैरो शहरात एकोणसाठ वर्षांच्या इनायात अब्ला खोलीचं दार लावून, वर कडी घालून, फिनलंडच्या एका बाईचे व्हिडिओ बघून नाच शिकत होत्या.

हसू नका. बाईंवर वेळच तशी आली होती.

शाळेतल्या बाईंना आमच्याकडे अब्ला म्हणतात. इनायात अब्लांनी बत्तीस वर्षं मुलींना भूमिती शिकवली, त्यातली शेवटची सहा मुख्याध्यापिका म्हणून. चेहरा असा, की आजही त्या रस्त्यात समोर आल्या तर नातवंडं झालेल्या बायका तोंडातलं च्युइंगम गिळून टाकतात. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली. एकुलता एक मुलगा हाझेम कुवेतला इंजिनिअर. त्याचं लग्न ठरलं नदीपलीकडच्या इम्बाबातल्या राबाबशी. मुलगी फार्मसी शिकलेली, औषधांच्या दुकानात नोकरी करणारी, अंगानं थोडी भरलेली आणि बोलायला अगदीच कमी.

साखरपुड्यात घोटाळा झाला. तबला सुरू झाला, दोन्हीकडच्या बायका उठल्या, आणि अब्ला मात्र मांडीवर पर्स ठेवून, ताठ, परीक्षेच्या हॉलवर नेमणूक झाल्यासारख्या बसून राहिल्या. राबाबच्या आईनं, करीमानं, त्यांचा हात धरून ओढलं. अब्ला म्हणाल्या, गुडघा दुखतो. एवढ्यावर भागलं असतं. पण परत जाताना लिफ्ट बंद पडली, आणि चार मजले अब्ला सगळ्यांच्या पुढे तरातरा उतरल्या. करीमा वरून कठड्याला टेकून बघत होती.

आता आमच्यात मुलाची आई नाचली नाही, याचा एकच अर्थ होतो. त्याला दुसरा अर्थ आजवर कोणी शोधलेला नाही. मुलगी पसंत नाही. आठ दिवसांत ही बातमी इम्बाबातून निघून नदी ओलांडून शुब्र्यात अब्लांच्याच जिन्यात येऊन पोचली.

आणि खरं काय होतं? खरं असं होतं की राबाब अब्लांना पहिल्या भेटीतच आवडली होती. त्या दिवशी अब्लांच्या घरी ती कपबशा विसळायला उठली. बेसिनच्या बुचाची साखळी महिनाभर तुटलेली होती. मुलीनं कोणाला न विचारता केसातला रबर काढला, बूच त्याला बांधलं आणि नळाला अडकवलं. अब्ला दारातून बघत होत्या. आपल्यानंतर हाझेमचं घर नीट राहील, असं त्यांना त्या क्षणी वाटलं. तो रबर अजून तिथेच आहे. पण कोणाला ‘तू मला आवडतेस’ असं म्हणायची बाईंच्या जिभेला सवय नाही. एकदा धीर करून फोन लावला होता. वाक्यं कागदावर लिहून समोर ठेवली होती. राबाबनं घाबऱ्या आवाजात ‘बोला ना’ म्हटलं, आणि अब्लांनी तिला हिवाळ्याची ब्लँकेटं डांबरगोळ्या घालून कशी ठेवायची ते वीस मिनिटं समजावून सांगितलं.

मग हाझेमचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर तो म्हणाला, “आई, एक विचारू? राबाब तुला नको आहे का?”

“कोण म्हणतं असं?”

“तीच म्हणते. रडते रोज. मला विचारते, तुझ्या आईचा मी काय अपराध केला. आई, मेंदीच्या दिवशी दोन पावलं नाच गं. फक्त दोन. नाहीतर ही पोरगी आयुष्यभर या घरात पाहुण्यासारखी राहील.”

अब्लांनी ‘बघू’ म्हणून फोन ठेवला. पोरगी रडते म्हणजे काय! आणि आपल्यामुळे!

नाचायला त्यांची ना नव्हती. येत नव्हतं. नऊ वर्षांच्या असताना मावशीच्या लग्नात त्या एकदा उठल्या होत्या, धाकटी बहीण दौलत शेजारी भिंगरीसारखी फिरत होती, आणि मावशीनं सगळ्यांदेखत म्हटलं होतं की ही थोरली म्हणजे झाडूचा दांडा आहे. बायका हसल्या. अब्ला खाली बसल्या त्या बसल्याच. पन्नास वर्षं.

दौलतला विचारता आलं असतं. दौलत डोक्यावर पातेलं ठेवून नाचते. पण दौलतला सांगणं म्हणजे मशिदीच्या भोंग्यावरून सांगणं. शिवाय तिला शिकवता येत नाही, हे अब्लांना ठाऊक होतं. लहानपणी एकदा त्यांनी तिला विचारलं होतं, तू नेमकं करतेस काय. दौलत म्हणाली, काही नाही गं, अंग सैल सोडायचं. हे काय उत्तर झालं? बत्तीस वर्षांत एका मुलीनं तरी अब्लांना असं उत्तर लिहून दाखवलं असतं, तर पेपर फाडून हातात दिला असता.

म्हणून मग हाझेमचा जुना टॅब काढला. आधी आपल्याच बायकांचे व्हिडिओ बघितले. एक होती अलेक्झांड्रियाची, ती पहिल्याच मिनिटाला म्हणाली, आता नेहमीसारखं नाचायला लागा, पुढचं मी सांगते. दुसरी म्हणाली, तुम्हाला तर येतंच. अब्लांनी टॅब उपडा घालून ठेवला. तिसऱ्या दिवशी कैसा नावाची एक सापडली. सोनेरी केसांची, लांबोडक्या हातांची फिनलंडची बाई. मागच्या खिडकीत ढीगभर बर्फ. खाली अरबी अक्षरं सरकत होती. कैसा म्हणाली, “समजा, तुम्हाला यातलं काहीही येत नाही. काहीही. आपण उभं कसं राहायचं, इथून सुरुवात करू.”

अब्लांच्या डोळ्यांत पाणी आलं. अख्ख्या मिसर देशात, म्हणजे इजिप्तात, एवढी सवलत त्यांना कोणी दिली नव्हती.

अभ्यास सुरू झाला. चौकटीची वही आणली. कैसा सगळं मोजून सांगायची. कंबर उजवीकडे एक, वर दोन, मागे तीन. कमरेनं हवेत आडवा आठ काढायचा. अब्लांनी तो वहीत कंपासनं काढून बघितला आणि मग आरशासमोर. गुडघे किती अंशांत वाकवायचे तेही लिहून ठेवलं. कैसा मधूनच डोळे मिटून सांगे, आता नाईलचं गरम वारं अंगावर घ्या. अब्लांच्या खिडकीतून गरम वारं भरपूर येई, त्यासोबत मायक्रोबसचे हॉर्न आणि खालच्या टपरीवरच्या कलेजीचा धूरही येई. प्रत्येक धड्याच्या शेवटी कैसा कपाळाला आणि मग छातीला हात लावून वाकायची आणि म्हणायची, मिसरी बायका असा नमस्कार करतात. अब्लांनी जन्मात एकाही मिसरी बाईला असं करताना पाहिलं नव्हतं. त्या पुटपुटल्या, पण केलं. अभ्यासक्रम म्हणजे अभ्यासक्रम.

खालच्या मजल्यावरून तक्रार आली. दौलत चौकशीला आली. अब्लांनी सांगितलं, डॉक्टरांनी पाठीचे व्यायाम दिलेत.

“पाठीच्या व्यायामाला तबला लागतो होय?” दौलत म्हणाली.

“मशीनचा आवाज आहे तो.”

“मशीन फार तालात आहे हो तुमचं,” असं म्हणून दौलत चहा पिऊन गेली. पण तिच्या मनात खरं काही आलं नाही. आपली थोरली बहीण नाचेल, हे दौलतच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं.

एकोणिसावा धडा अवघड होता. उजवीकडे कंबर तीनदा झटकायची, गिरकी घ्यायची, आणि चौथ्या ठोक्याला डावा पाय पुढे. अब्ला तिथे आठवडाभर अडकल्या. मग त्यांना चूक सापडली, वजन डाव्या पायावरच राहत होतं. व्हिडिओच्या खाली लोक प्रश्न विचारत. अर्ध्याअधिक बायका आपल्याच होत्या, सगळ्या टोपणनावांनी. कोण कशाला खरं नाव घालतंय! तिथे ‘घाबरट बदक’ नावाच्या एकीनं लिहिलं होतं, ‘माझा डावा पाय नेहमी उशिरा येतो. सोडून द्यावंसं वाटतं.’

पन्नास मुलींचे वर्ग सांभाळलेल्या बाईला हे वाचून गप्प बसवेल? अब्लांनी ‘काटकोन’ असं नाव घेतलं आणि उत्तर दिलं, ‘डाव्या पायाचा विचारच करू नये. वजन उजव्या पायावर ठेवावं, डावा आपोआप येतो.’

दोन दिवसांनी बदकाचे आभार आले, आणि मग रोजचंच झालं. बदक विचारी, काटकोन समजावी. बदकाची प्रगती बेताची होती, पण चिकाटी होती. अब्लांना तिचं कौतुक वाटायचं. एकदा बदकानं लिहिलं, ‘मला लवकरच सगळ्यांसमोर नाचायचंय. तिथे एक बाई असतील, त्यांना मी मुळीच आवडत नाही. त्या बघायला लागल्या की माझे हातपाय लाकडाचे होतात.’

अब्लांना संताप आला. कोण ही बाई? गरीब मुलीला असं जाचते! टाइप करताना त्यांचा चष्मा नाकावरून घसरला, इतक्या त्या तावात होत्या. ‘त्या बाईकडे अजिबात बघू नकोस. एकदाही नाही. ती तिथे नाहीच असं समज. असल्या बायकांना स्वतःला दोन पावलं धड टाकता येत नसतात, म्हणून त्या दुसऱ्याकडे डोळे वटारून बसतात.’

बदकानं एक हृदय पाठवलं. अब्लांना त्या दिवशी जेवण गोड लागलं.

मेंदी इम्बाबात, राबाबच्या गच्चीवर होती. दुपारची नमाज आटोपून अब्ला, दौलत आणि नात्यातल्या दहाबारा बायका मेंदीचं ताट घेऊन निघाल्या. ताटात मेंदीचा गोळा, त्यात खोचलेल्या मेणबत्त्या. टॅक्सीत दौलतनं ताट मांडीवर धरलं आणि वाटभर गाणी म्हटली. अब्ला मनातल्या मनात एक ते आठ मोजत होत्या.

गच्चीवर रंगीत कापड ताणलेलं, प्लास्टिकच्या खुर्च्या, गुलाबाचं सरबत, भाजलेले शेंगदाणे. बायकांनी जिभेनं आरोळ्या देऊन स्वागत केलं. मधल्या खुर्चीत राबाब हिरव्या कपड्यात बसली होती. अब्ला पुढे झाल्या, गालाला गाल लावला. मुलीनं मान वर केली नाही. अब्लांनी ‘बरी आहेस ना’ विचारलं. मुलगी जमिनीकडे बघत ‘हो’ म्हणाली. अब्ला समोरच्या खुर्चीवर बसल्या. राबाब दौलतकडे बघून हसली, शेजारणींकडे बघून हसली, ताटातल्या मेणबत्त्यांकडेसुद्धा तिनं बघितलं. अब्लांच्या दिशेला मात्र जणू भिंत होती.

हे सगळ्यांच्या लक्षात आलं. येणारच. बायकांच्या मेळाव्यात दुसरं बघायचं काय असतं? करीमा सरबताचा ट्रे फिरवताना मोठ्यानं म्हणाली, “प्रेम दोन्ही बाजूंनी लागतं बाई. माझी मुलगी तरी किती दिवस वाट बघणार?”

अब्लांना तोंडात मारल्यासारखं झालं. उशीर झाला, असं वाटलं. पोरीनं आशा सोडली. आता दोन पावलं नाचून काय होणार आहे? पर्स घट्ट धरून त्या तशाच बसल्या, साखरपुड्यात बसल्या होत्या तशाच, आणि बायका एकमेकींना कोपरानं ढोसायला लागल्या.

तबला सुरू झाला. दौलत एक फेरी नाचून आली. कोणीतरी ओढणी घेऊन नेहमीप्रमाणे ‘हाझेमची आई, हाझेमची आई’ म्हणत अब्लांसमोर उभी राहिली. नाही म्हणतील म्हणून पुढे निघण्याच्याच बेतात होती. अब्लांनी पर्स दौलतच्या मांडीवर ठेवली आणि उभ्या राहिल्या.

दौलतच्या हातातला सरबताचा पेला तोंडापर्यंत गेला होता, तो तिथेच थांबला.

कमरेला ओढणी बांधली गेली. अब्ला मधोमध आल्या, पहिल्या धड्याप्रमाणे उभ्या राहिल्या, गुडघे वहीत लिहिल्याइतके वाकवले आणि सुरू झाल्या. काय सांगू! एक पाऊल चुकलं नाही. कंबर एक, वर दोन, मागे तीन. आडवा आठ असा, की कागद लावून मोजावा. हात लांबवर ताणलेले, पायाची बोटं टोकदार, हनुवटी उंच, आणि दर आठव्या ठोक्याला उजवीकडे एक स्मित, डावीकडे एक स्मित. आमच्यात असं कोणी नाचत नाही. टाळ्या थंडावल्या. मागून कोणीतरी म्हणालं, “अब्ला नाईलच्या बोटीवरून आल्यात की काय? पर्यटकांच्या!” एक खसखस पिकली.

अब्लांची कानशिलं तापली. नऊ वर्षांच्या असतानाचं ते हसणं हेच होतं, आवाजसुद्धा तोच. पण या वेळी त्या बसल्या नाहीत. राबाबच्या खुर्चीसमोर गेल्या आणि हात पुढे केला. नवरीला मुलाच्या आईनं उठवायचं असतं, हे व्हिडिओत नव्हतं. ते अब्लांनी आयुष्यभर खुर्चीवर बसून बघितलं होतं.

हात पुढे आल्यावर नाही म्हणता येत नाही. राबाब उठली. नजर जमिनीवर ठेवून तिनं गुडघे वाकवले, हात लांब ताणले, पायाची बोटं टोकदार केली. अब्ला तिसऱ्या ठोक्याला वळल्या, तीही वळली. त्यांनी उजवीकडे स्मित केलं, तिनंही उजवीकडे केलं, जमिनीकडे बघतच. दोघींनी उजवीकडे कंबर तीनदा झटकली, गिरकी घेतली.

राबाबचा डावा पाय उशिरा आला.

अब्लांचा ताल चुकता चुकता राहिला. परत तेच आलं. तीन झटके, गिरकी, आणि तो डावा पाय, अर्धा ठोका मागे. अब्लांना सगळं एकदम दिसलं. टॅब, चष्मा, तावातावानं टाइप केलेलं ते उत्तर, आणि ती बाई म्हणजे कोण, तेही. पुढच्या गिरकीला त्या मुलीच्या कानाशी आल्या आणि हळूच म्हणाल्या, “डाव्या पायाचा विचारच करू नये. वजन उजव्या पायावर ठेवावं, डावा आपोआप येतो.”

राबाबनं मान वर केली. त्या संध्याकाळी पहिल्यांदा तिनं त्यांच्याकडे बघितलं, आणि तोंड उघडं ठेवून बघतच राहिली. तबलावाली थांबेना, म्हणून पाय चालू होते. या वेळी डावा पाय वेळेवर आला.

मग शेवट. दोघींनी एकाच क्षणी कपाळाला हात लावला, छातीला लावला आणि वाकल्या.

गच्ची फुटली म्हणा ना. आरोळ्या, टाळ्या, खुर्च्या आपटणं. करीमा ट्रे खाली ठेवून रडायला लागली. दोघी किती दिवस चोरून एकत्र सराव करत होत्या आणि मी काय काय बोलले, असं म्हणून तिनं अब्लांचे दोन्ही गाल ओले केले. दौलत तर उभ्या गच्चीला सांगत सुटली, “शिकून येतंय होय असलं काही? आमच्या रक्तातच आहे ते. मी पहिल्यापासून म्हणत होते!” अब्लांनी आणि राबाबनं एकमेकींकडे बघितलं आणि दोघींनीही कोणाचा गैरसमज काढला नाही. बोटीवरून आल्या म्हणणारी बाईच आता कपाळाला आणि छातीला हात लावून वाकून बघत होती.

गर्दी मेंदीच्या ताटाकडे वळली, तेव्हा दोघी कठड्यापाशी एकट्या सापडल्या. राबाबला अजून धाप लागली होती.

“तुम्हीच लिहिलं होतं,” ती म्हणाली, “त्या बाईकडे एकदाही बघू नकोस.”

“उत्तर चुकलं होतं. खोडून टाक.”

“आणि दोन पावलं धड टाकता येत नाहीत, हे?”

“ते बरोबर होतं. लिहिलं तेव्हा बरोबर होतं.” अब्लांनी कमरेची ओढणी सोडायला घेतली, गाठ सुटेना. राबाबनं हात पुढे करून ती सोडवली. अब्ला तिच्या हाताकडे बघत म्हणाल्या, “तू मला आवडतेस. बेसिनचं बूच बांधलंस ना, त्या दिवसापासून.”

राबाबचे डोळे भरून आले. “मग सांगितलं का नाही? मी तीन महिने रडतेय.”

“सांगायला फोन केला होता.”

“कधी?” राबाबनं आठवून बघितलं. मग तिचा चेहरा बदलला. “ब्लँकेटांचा?”

“तोच,” अब्ला म्हणाल्या.